एकोणतीस ऑक्टोबरची बेरीज

१

डोक्यावर मासळीची पाटी नसताना आवडाबाई कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. त्या मंगळवारी ती ठाकुर्लीला परशुराम साळवींच्या दारात उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"मामा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "माजी पोर पलाली नाय."

साळवींनी चष्मा काढला. विहीणबाई आज ना उद्या येणार, हे त्यांना महिनाभर माहीत होतं. तिला काय सांगायचं ते मात्र अजून सुचलं नव्हतं.

१९९४ च्या दसऱ्यानंतर साळवींचा भाचा जगन आणि त्याची बायको नंदा नेपाळला गेली होती. टूरवाल्यांबरोबर नव्हे. पाठीवर सॅक लावून, बसनं आणि पायी, मिळेल तिथं राहत महिनाभर हिंडायचं आणि ते मोठे डोंगर जवळून बघायचे, असं त्यांनी लग्नाआधीपासून ठरवलेलं. ठाण्यात टेंभी नाक्यावर नवरात्रात झालेली ओळख, तिच्या कोळीवाड्यात आणि त्याच्या घरी झालेला विरोध, मग लग्न आणि तीन वर्षं पै पै साठवणं. गेले दोघं. बारा नोव्हेंबरला परत आला एकटा जगन. म्हणाला, "पोखऱ्याच्या लॉजवरून नंदा निघून गेली. मी बसची तिकिटं काढायला गेलेलो. आलो तर तिची सॅक नाही, चिठ्ठी नाही."

कुणाबरोबर गेली, हे त्याने सांगितलं नाही. ते लोकांनी स्वतःच ठरवलं. नंदाच्या ऑफिसातला बाळ नावाचा कुणी डोंगर चढणारा पोरगा ऑक्टोबरपासून कामावर नव्हता, तेवढं पुरलं. पोलिसांनी अर्ज घेतला, बाई सज्ञान आहे म्हणाले, आणि फाइल मिटली.

"शेवंतीचं जमलेलं मोडलं," आवडाबाई म्हणाली. शेवंती तिची धाकटी. "पोराकडचे बोलतान, थोरली पलाली तशी ही पन पलंल. मना त्याचं काय नाय. पन माजी नंदा मना न सांगता पान्याला पन जात नव्हती. तुमी आख्खा जल्म लोकांच्या लबाड्या पकडल्याव. ही एक पकडा."

ती जिना उतरून गेली. आतून कांताबाई, साळवींची बायको, हात पुसत बाहेर आली.

"एक सांगू? जगन परत आला त्या दिवशी रिक्षाचे पैसे मी दिले. त्याच्याकडे दमडी नव्हती. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

साळवी तिच्याकडे बघत राहिले. जगनकडे दमडी नव्हती, हे होणंच शक्य नव्हतं.

२

शक्य का नव्हतं, ते साळवींनाच ठाऊक होतं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. साहेबलोक, इन्स्पेक्टर, शिपाई दौऱ्यावर जायचे आणि प्रवासभत्त्याची बिलं भरायचे. साळवी ती तपासायचे. न गेलेल्या गावाचा मुक्काम, न खाल्लेलं जेवण, चालत जाऊन लावलेलं टांग्याचं भाडं, हे सगळं त्यांना कागदाकडे बघून कळे. बाप गेल्यावर जगन त्यांच्या घरी वाढला. इतर पोरं पतंग उडवत तेव्हा त्याला मामानं जमाखर्च शिकवला. नेपाळला निघताना तो पाया पडायला आला, तेव्हा साळवींनीच त्याला शंभरपानी वही दिली होती.

"दिवसाची मर्यादा ठरव. तिच्यावर एक पैसा जाता कामा नये. परत आल्यावर तपासीन."

"आणि गेला तर, मामा?" नंदानं हसत विचारलं होतं.

"तर मला तोंड दाखवू नका."

सगळे हसले होते.

जगनच्या डोंबिवली पश्चिमेच्या खोलीत साळवी पोचले तेव्हा तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. खुंटीवर नंदाचा परकर आणि निळी ओढणी तशीच होती. ओट्यावर चार दिवसांची भांडी.

"वही दे," साळवी म्हणाले.

जगन काही न विचारता उठला. वही कपाटात वरच होती, जणू ती मागायला कुणी येणार हे त्याला माहीत होतं.

"शिल्लक किती राहिली?"

"लिहिलीय. अठराशे चाळीस."

"कुठायत?"

जगनचा हात कपाटाच्या दारावर थांबला. "प्रवासात गेले."

"आणि कॅमेरा? शेजाऱ्यांकडून मागून नेलेलास तो?"

"चोरीला गेला."

"तेही लिहिलंयस?"

जगननं कपाटाचं दार लावलं. साळवींनी वही पिशवीत टाकली. दारापर्यंत गेल्यावर त्यांना मागून त्याचा आवाज आला, अगदी लहानपणीसारखा.

"मामा, नका ना तपासू."

३

दुपारी गॅलरीत बसून साळवींनी वही उघडली.

पहिले दोन आठवडे नंदाचं अक्षर होतं, टायपिस्टबाईला शोभेल असं सरळ, एकसारखं. रोजचा खर्च ती लिहायची, खाली बेरीज करायची आणि तिच्याखाली जगनची आद्याक्षरं असायची. तपासल्याची खूण. साळवींच्या कचेरीतली पद्धत या दोघांनी खेळासारखी उचलली होती. मर्यादा दोघांत मिळून दीडशे रुपये. आपल्या शंभराला तिकडचे एकशे साठ, म्हणजे नेपाळी दोनशे चाळीस. कुठंच ओलांडलेली नाही.

वाचता वाचता साळवींना ती दोघं दिसू लागली. संत्री चार. रबरी चपलेचा अंगठा. बस उशिरा म्हणून शेंगदाणे. एकवीस ऑक्टोबरला पोखऱ्यात, "चित्रांची पोस्टकार्डं दोन, तिकिटांसह." बावीस तारखेपासून चालणं सुरू. गावांची नावं वाचून साळवींना काही कळेना, पण चहा कळला. बावीस तारखेला चहा चार रुपये कप. मग चार, पाच, सहा, सात, नऊ, दहा, बारा. रोज चार कप.

साळवी हसले. साखर आणि पत्ती माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून वर जाते. जितकं उंच, तितका चहा महाग. नकाशा नसला तरी चहाच्या भावावरून ही दोघं कुठवर चढली ते सांगता येत होतं.

एकोणतीस ऑक्टोबरला चहा बारा रुपयांवर होता. त्या पानावर मात्र अक्षर बिघडलं होतं. ओळी उजवीकडे खाली घसरल्या होत्या. चहा चार कप अठ्ठेचाळीस, डाळभात दोन ताटं एकशे दहा, खाटा दोन तीस, लसणाचं सूप पंचवीस, डोकेदुखीच्या गोळ्या वीस. बेरीज लिहिली होती तीनशे तेवीस.

साळवींनी बोटानं पुन्हा केली. दोनशे तेहेतीस. पोरीनं आकडे उलटेपालटे केले होते. तेरा दिवसांत तिची ही पहिली चूक, आणि खाली तपासल्याची खूण होती तरी जगनला ती दिसली नव्हती.

पुढचं सगळं जगनच्या हातचं होतं. तीस ऑक्टोबर, चहा पंधरा रुपये, कप फक्त दोन. मग एकतीसला खिंड ओलांडली असा शेरा, आणि पलीकडे उतरत सात नोव्हेंबरला पोखरा. सगळी पानं एकाच पेनानं, एकाच दाबानं लिहिलेली. चहाचे भाव साळवींनी वहीच्या मागे ओळीनं उतरवले. बारा, दहा, नऊ, सात, सहा, पाच, चार, चार.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी चढतीची ओळ तिच्याखाली उलटी लिहिली.

बारा, दहा, नऊ, सात, सहा, पाच, चार, चार.

माणूस एका वाटेनं वर गेला आणि दुसऱ्या वाटेनं खाली आला, तरी आठ दिवस पैशाचाही फरक नाही? परतीच्या प्रवासाला गेलाच नाही तो कारकून असंच करायचा. जातानाचं बिल खालून वर उतरवून काढायचा.

जगननं खिंड ओलांडलीच नव्हती. मग नंदा पोखऱ्यापर्यंत आली तरी होती का?

४

बाळ कोपरला राहत होता, आणि कुणाबरोबरही पळून गेला नव्हता. तो खाटेवर पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे, उशाशी उसाच्या रसाचा पेला.

"कावीळ, काका. ऑक्टोबरपासनं. ऑफिसात रजेचा अर्ज दिलाय, पण लोकांना अर्ज नको असतात." तो उठून बसला. "तुम्ही जगनचे मामा ना? माझ्या आईला शेजारणी विचारतात, सून कधी आणणार म्हणून. हसावं का रडावं सांगा."

"नंदा तुझ्याशी डोंगराबद्दल बोलली होती?"

"बोलली होती म्हणजे? रोज जेवणाच्या सुट्टीत. मी दोन वर्षांपूर्वी तीच वाट केलेली. माझं जाड जाकीट तिनंच नेलंय." तो थांबला. "नेलं होतं."

साळवींनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. "पलीकडची बाजू वाच. एकतीसपासून. काही खटकतं का बघ."

बाळनं पानं उलटली. एकदा, दोनदा.

"सफरचंदं कुठायत?"

"काय?"

"काका, खिंड उतरलात की पलीकडे सफरचंदांच्या बागाच बागा. रस्त्यावर पाट्या भरून विकतात, आपल्याकडे भाजी विकतात तशा. तिथं विमानाचा तळ आहे, त्यामुळे चहापण एकदम स्वस्त होतो. मी नंदाला हे सांगितल्यावर ती म्हणालेली, आईनं जन्मात सफरचंद विकत घेतलं नाही, आजाऱ्यालाच देतात म्हणायची, मी तिथं बसून पोटभर खाणार. आणि इथं एक पण नाही? खोटं आहे हे."

साळवींनी मान हलवली. त्यांना फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अजून एक सांग. हे एकोणतीस तारखेचं गाव. इथं काय आहे?"

बाळनं गावाचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं पुढचं पान उलटलं, परत मागे आला.

"इथं एकच रात्र काढली?"

"वहीत एकच आहे."

"मी तिला दहादा सांगितलेलं. हवा पातळ होते. त्या गावात दोन रात्री काढायच्याच. डोकं दुखलं तर तीन. तरी दुखलं तर सरळ खाली उतरायचं. वर जायचं नाही. सगळे थांबतात तिथं काका, दांडगे गोरेसुद्धा थांबतात. मी तिला म्हटलेलं, डोकं दुखायला लागलं, हिशेब चुकायला लागला, पाय वेडेवाकडे पडायला लागले की समज, मेंदूला..."

तो बोलायचा थांबला. साळवींचं बोट वहीतल्या एका बेरजेवर होतं.

"काका, ती कुठाय?" बाळनं विचारलं.

साळवींनी वही मिटली. त्यांना आता एकच गोष्ट बघायची होती, आणि ती ठाण्याला शेवंतीकडे होती.

५

नंदाचं नोव्हेंबरात घरी आलेलं पोस्टकार्ड शेवंतीनं उशीखाली ठेवलं होतं. बर्फाच्या डोंगराचं चित्र, मागे नंदाचं सरळ अक्षर.

*आई, शेवंती, मी मजेत आहे. आता काही दिवस माझं पत्र येणार नाही, काळजी करू नका. इतकी वर्षं जे बघायचं होतं ते बघायला चालले आहे.*

"यावरनंच सगळे म्हणाले, की ताई गेली," शेवंती म्हणाली. तिच्या आवाजात आता रडणंही उरलं नव्हतं. "बघा ना, सरळ लिहिलंय. पत्र येणार नाही. पोस्टाचा शिक्का आठ नोव्हेंबरचा, भावोजी म्हणतात त्याच दिवशी ती गेली."

"तारीख तिनं घातलेली नाही."

"नाही."

"कारण तिनं हे एकवीस ऑक्टोबरला लिहिलं. वहीत त्या दिवशी दोन कार्डांचे आणि तिकिटांचे पैसे आहेत. दुसऱ्या दिवशी डोंगर चढायला लागायचं होतं. वर पोस्ट नाही, म्हणून पत्र येणार नाही. बघायचे होते ते डोंगर, शेवंती. माणूस नव्हे."

शेवंतीनं कार्ड हिसकावून घेतलं आणि पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते साळवींना बघवेना. महिनाभरात पहिल्यांदा ती पोरगी आनंदली होती.

"म्हणजे ताई पळाली नाही! आई! आई गं, ताई पळाली नाही!" ती मागच्या दाराकडे धावली, मग उंबऱ्यात थबकली. वळली. "मग हे आठ तारखेला टाकलं कुणी?"

साळवींनी टोपी डोक्यावर घातली.

"मामा, ती पळाली नाही तर मग कुठाय?"

ते उत्तर न देता निघाले. कोळीवाड्याच्या गल्लीतून स्टेशनपर्यंत त्यांना कुणीतरी मागून हाक मारतंय असं वाटत राहिलं.

६

"बस," साळवी भाच्याला म्हणाले. "मी बोलतो. चुकलं तिथं अडव."

जगन बसला. खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं.

"तुम्ही खिंड ओलांडली नाही. उतरतीचे भाव चढतीचेच उलटे केलेयस, आणि पलीकडच्या बाजूला एक सफरचंद नाही. तू आलास तो त्याच वाटेनं मागे. नंदाचं कार्ड तुझ्याकडे राहिलं होतं, ते तू आठ तारखेला पोखऱ्यात टाकलंस. ती तेव्हा तुझ्याबरोबर असती तर तिनं स्वतः टाकलं असतं, आणि पळून जाणार असती तर टाकलंच नसतं. वहीप्रमाणे अठराशे चाळीस शिल्लक हवेत. तुझ्याकडे रिक्षापुरते नव्हते आणि कॅमेरा नव्हता. म्हणजे वर कुठंतरी एका दिवसात मोठा खर्च झाला, आणि तो तू लिहिला नाहीस. माणूस हिशेबात चोरी लपवतो, बाई लपवतो, दारू लपवतो. पण तू तसला नाहीस. तुला मी वाढवलंय. मग एकटा माणूस अनोळखी डोंगरात सगळे पैसे आणि मागून आणलेला कॅमेरा कशावर घालवतो?" त्यांनी वही मांडीवर उघडली. "लाकडं किती लागली, जगन?"

जगनच्या तोंडून आवाज फुटला तो बोलण्याचा नव्हता. साळवी जागचे हलले नाहीत.

"तिथं झाडं नाहीत, मामा," तो म्हणाला. "लाकूड खालनं पाठीवर आणतात. वजनावर देतात. चौघांनी तिला खाली आणलं, पाठीवरच्या टोपलीत बसवून. पहाट होत होती. मी शेजारनं चालत होतो. तिच्या छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येत होता, मग वळणावर तो बंद झाला. मला वाटलं, बरं वाटायला लागलं तिला."

"एकतीस तारीख."

"हो."

"एकोणतीसला काय झालं?"

"डोकं दुखत होतं तिचं. म्हणाली, उद्याचा दिवस इथंच थांबूया का रे. बाळ म्हणालेला थांबा म्हणून." जगननं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "मी वही उघडली. त्या दिवशी आधीच मर्यादेवर गेलेलो, मामा. तीनशे तेवीस. त्र्याऐंशी जास्त. तेरा दिवसांत पहिल्यांदा. थांबलो असतो तर अजून एक दिवस वाया. मी म्हटलं, वर जाऊन थांबू, खिंड झाली की सगळं उतारच आहे. ती म्हणाली, बरं. भांडली पण नाही. जरा जरी भांडली असती ना..."

साळवींच्या मांडीवर ते पान उघडंच होतं. अठ्ठेचाळीस आणि एकशे दहा, एकशे अठ्ठावन्न. तीस, एकशे अठ्ठ्याऐंशी. पंचवीस, दोनशे तेरा. वीस, दोनशे तेहेतीस. मर्यादेपेक्षा सात रुपये कमी. पोरगी आजारी होती म्हणून बेरीज चुकली, आणि बेरीज चुकली म्हणून पोरीला वर नेलं. खाली जगनची खूण होती. त्यानं तेवढा एकच दिवस तपासलं नव्हतं.

साळवींनी तोंड उघडलं. भाचा त्यांच्याकडे बघत होता. साळवींनी वही मिटली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. ही एक गोष्ट त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितली नाही.

"मेली असं का नाही सांगितलंस? एवढ्या चांगल्या पोरीचं नाव का घालवलंस?"

"मेली म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, कशानं. आणि मग, तू काय करत होतास. पळाली म्हटलं की कुणी काही विचारत नाही. पुढचं लोकच बोलतात. मला वाटलेलं, तिच्या आईला पण बरं. कुठंतरी जिवंत आहे असं वाटेल. पण तुम्ही वही मागणार हे माहीत होतं. परतीच्या गाडीत बसून भरली सगळी."

तो उठला, गादीखालून काहीतरी काढून त्यानं मामाच्या हातात दिलं. दुसरं कार्ड. पत्ता साळवींचा होता.

*मामा, सा. न. तुमचा भाचा चहासुद्धा मोजून पाजतो. पण वही अशी चोख ठेवली आहे की तुम्हाला एक चूक सापडणार नाही. पैज. आपली, नंदा.*

"हे टाकायला हात धजला नाही," जगन म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी साळवी ठाण्याला गेले. जगनला त्यांनी रात्री आपल्या घरी झोपायला आणलं होतं आणि बरोबर न्यायचं ठरलं होतं, पण सकाळी तो अंथरुणातून उठला नाही, आणि कांताबाईंनी खुणेनंच त्यांना जा म्हटलं.

आवडाबाई मागच्या पडवीत बोंबील सुकवत होती. साळवींनी पाटावर बसून सगळं सांगितलं, काही न लपवता, एक बेरीज सोडून. शेवंती खांबाला धरून ऐकत होती. आवडाबाई ऐकता ऐकता हातातला बोंबील उलटा सुलटा करत राहिली. ती ओरडली नाही. साळवींनी तिच्या शिव्यांची तयारी केली होती, याची केली नव्हती.

"कंची तारीख बोल्लाव?"

"एकतीस ऑक्टोबर. पहाटे."

तिनं बोटं मोजली.

"दिवाली तीन तारखेला व्हती. म्हंजे माजी पोर जलली, नि चौथ्या दिसाला मी दारात दिवे लावले. नवी साडी नेसली. शेवंती, करंज्या किती केल्या गं आपुन?"

"आई, नको ना."

"शंभर केल्या. ती आल्यावर खाईल बोलून डबा भरून ठेवला."

खाडीकडून होडीच्या इंजिनाचा आवाज येऊन विरून गेला. साळवींना वाटलं आता उठावं.

"ती गेली असती ना कुनाबरोबर," आवडाबाई म्हणाली, "तं मी येक ना येक दिवस माफ केली असती. रोज सांच्याला गल्लीच्या तोंडाला बगायची मी. आता कुटं बगू?"

"आवडाबाई, दोष माझाही आहे. मर्यादा पाळायला मी शिकवलं त्याला."

तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघत होती, बाजारात गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.

"मामा, तुमी हिशेबाचं मानूस हाव. येक दिस त्या गावात थांबायला किती लागलं असतं?"

साळवींना खोटं बोलता आलं असतं. हजार म्हणता आले असते, दोन हजार म्हणता आले असते. तिनं ते मानलंही असतं. पण जन्मभर ज्या तोंडानं खोटे आकडे पकडले, त्या तोंडाला खरा आकडा अडवता आला नाही.

"दोघांचं राहणं, जेवण, चहा धरून... आपले एकशे सतरा रुपये पन्नास पैसे."

आवडाबाईनं मान हलवली. मग लुगड्याच्या ओच्यातून चंची काढली, तिची दोरी सोडली. शंभराची एक नोट, दहाच्या दोन. मासळीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या. तिनं त्या गुडघ्यावर सरळ केल्या आणि साळवींच्या पुढ्यात जमिनीवर ठेवल्या.

"न्या. त्याला द्या. थांब म्हनावं येक दिस."

शेवंतीनं तोंडावर पदर दाबला. साळवी त्या नोटांकडे बघत राहिले. एकशे वीसमधून अडीच रुपये परत द्यायचे, असं त्यांच्या डोक्यानं आपसूक सांगितलं, आणि त्यांचा हात सुट्ट्या पैशांसाठी खिशाकडे गेलासुद्धा. तिथंच तो थांबला. आपल्या डोक्याची अशी शिसारी त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.